राधाक्काच्या वहीतला रिकामा रकाना

ते पाकीट मी आजवर किती वेळा उघडलं असेल, सांगता येणार नाही. कडा मऊ पडून कापडासारख्या झाल्या आहेत. एकोणीस वर्षं ते माझ्याजवळ आहे. आधी कचेरीतल्या टेबलाच्या खणात होतं. निवृत्त झालो तेव्हा घरी आलं आणि मग या पुस्तकातून त्या पुस्तकात फिरत राहिलं. जे वाचत असेन त्यात खूण म्हणून तेच. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, उत्तर तरी लिहा, नाहीतर फाडून तरी टाका." माझ्याच्यानं दोन्ही झालं नाही.

पत्र हवालदार केरबा इंगवले यांचं, मुक्काम पोस्ट पिंपळसोंड. पट्टीनं आखलेल्या ओळी आणि त्यांवर बसवलेलं गोल, सावकाश अक्षर. माझ्या प्रकृतीची चौकशी, आमचा शिपाई मौला याला नमस्कार, आणि शेवटी एक प्रश्न : 'गाडीचे पुढचे झाकण कोणी वेल्ड केले ते कळवावे.'

उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

हवालदार आले तो दिवस नवरात्रातल्या अष्टमीचा. मी कचेरीत नाण्यांची यादी तपासत बसलो होतो. मौला दारात येऊन उभा राहिला. मौला मुजावर तेव्हा अडतिशीचा असेल. अंगानं आडवा, बोलायला मोकळा. माझ्यासारख्या माणसाला असा शिपाई मिळणं हे नशीबच.

"साहेब, जरा भाईर येता का?"

"काय झालं?"

"एक म्हातारा रणगाड्याला कान लावून हुबा हाय. धा मिंटं झाली. मी म्हनलं, आजोबा, फोन न्हाई त्यो. तर मलाच गप म्हनला."

आमचं संग्रहालय लहानसं. तीन खोल्या, त्यांत नाणी, ताम्रपट, भग्न मूर्ती, चार तलवारी. एका विश्वस्त मंडळानं चालवलेलं. मी मूळचा ग्रंथपाल. आधीचे साहेब गेल्यावर दुसरं कुणी मिळेना, म्हणून मला तिथं नेमलं. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काय करायचं ते मला कळत होतं, तांब्याला हिरवा गंज चढला तर काय करावं तेही वाचून शिकलो होतो. पण अंगणातल्या रणगाड्याचं मला कधीच काही कळलं नाही. एकाहत्तरच्या लढाईत वापरलेला तो रणगाडा सैन्यानं गावाला भेट दिलेला. दोन सिमेंटच्या ओट्यांवर त्याचे दोन पट्टे टेकवून त्याला उघड्यावर उभा केलेला. वर छप्पर नाही, ऊन-पाऊस सगळं अंगावर. मला वाटायचं, तोफगोळे झेललेल्या वस्तूला पावसाचं काय भय?

बाहेर आलो. पांढरं धोतर, वर खाकी स्वेटर, डोक्याला फेटा, खांद्याला कापडी पिशवी. वय सत्तरीला टेकलेलं. म्हाताऱ्यानं रणगाड्याच्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, थोडं सरकून पुन्हा टकटक केलं. आमच्या गल्लीत कलिंगड घेताना बायका करतात तसं.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी खांबेटे. इथला... इथलं बघतो मी."

"नमस्कार साहेब. हवालदार इंगवले. डायव्हर." त्यांनी डोकं हलवलं. "हिच्या पोटात पानी हाय."

"रणगाड्याच्या?"

"गाडीच्या. आम्ही गाडीच म्हनतो. हिचं नाव राधाक्का."

मौला हसला. "रनगाड्याचं नाव राधाक्का?"

"आमच्या वाडीत एक राधाक्का हुती. एकदा तोंड उघडलं की कुनाच्या बापाचं ऐकायची न्हाई. हिचं इंजिन पयल्यांदा चालू केलं, तवा मला तिचीच याद आली." मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "तीन वर्सं ही गाडी माझ्या हाताखाली हुती साहेब. लढाईत बी मीच चालवली. ती हितं असल्याचं मला औंदा कळलं. पेपरात फोटू आला हुता, हार घातलेला."

गेल्या दसऱ्याचा फोटो. खंडेनवमीला आम्ही रणगाड्याला झेंडूचा हार घालून त्याची पूजा करायचो. माझीच कल्पना. वर्तमानपत्रात नाव आलं होतं.

"उद्या खंडेनवमी," हवालदार म्हणाले. "उद्या हत्यारं पूजंला बसनार. मग पाना हातात घेता यायचा न्हाई. म्हनून आज आलो."

"पाना कशाला?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत एक जुनी, जाडजूड पान्यांची जोडी होती, एक तेलकट फडकं आणि खाकी पुठ्ठ्याची लांबट वही. त्यांनी नखानं रणगाड्याचा रंग एका जागी उचकटला. हिरवा पापुद्रा निघाला. त्याच्याखाली आणखी एक हिरवा, मग आणखी एक.

"किती येळा रंगवता?"

"वर्षातून दोनदा," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी."

"घासून?"

मी मौलाकडं पाहिलं. मौला आकाशाकडं.

"वरच्यावर मारतो जी," मौला म्हणाला. "डबा आला की मारायचा. दोन तासांत नवी नवरी."

"नवरीचं तोंड तरी धुता का न्हाई आदी? ह्यो बग." पापुद्र्याच्या तळाशी तांबडी भुकटी होती. बोट लावलं तशी ती ओल्या विटेसारखी बोटाला चिकटली. "रंगाच्या आत गंज जित्ता हाय. वरनं झाकला की त्यो आतनं खातो. आनि ह्ये काय?" पुढच्या बाजूला, ओढायच्या आकड्याशेजारी, तळहाताएवढा पत्रा खडबडीत काळा पडला होता.

"तितं नारळ फोडतो," मौला म्हणाला. "दसऱ्याला. चांगला ठनकन फुटतो."

"नारळाचं पानी खारं असतंय बाबा. लोखंडाला इखच. पूजा करा की, पर फोडायला दगड घ्या. राधाक्काच्या नाकावर फोडताय व्हय?"

हे सगळं ते रागानं बोलत नव्हते. सासरी गेलेल्या मुलीकडं चार दिवस आलेल्या बापानं तिचं घर न्याहाळावं तसं त्यांचं चाललं होतं. हात सारखा पत्र्यावरून फिरत होता.

मग त्यांनी फेटा काढला, वहीवर ठेवला आणि दोन ओट्यांच्या मधल्या जागेत उताणे झोपून आत सरकले. मला काही सुचेना. पाहुण्या वृद्ध माणसाला असं जमिनीवर झोपू देणं बरं नव्हे, आणि त्यांना थांबवावं कसं हेही कळेना. मी नुसताच वाकून पाहत राहिलो.

"खाली नट हायती पानी काढायचे," आतून आवाज आला. "तुमी सिमीट भरलंय."

"ओटे बांधताना गवंड्यानं..." मी म्हणालो.

"छन्नी हाय?"

मौलानं छन्नी-हातोडी आणली. तोही आत सरकला. बराच वेळ ठोकाठोकी चालली. मधूनच हवालदारांचा आवाज यायचा, "हळू, हळू. पोट हाय तिचं." मग पान्याचा चर्रर्र आवाज झाला आणि मौला ओरडत, सरपटत बाहेर आला. त्याचा सदरा तांबडाभडक भिजलेला. मागोमाग रणगाड्याच्या पोटातून मनगटाएवढी धार सुरू झाली. दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचं पाणी. ते ओट्यांतून, फरशीवरून, गुलाबाच्या वाफ्यापर्यंत गेलं. पाऊण तास ते वाहत होतं. धार बारीक होता होता त्यातून एक बेडूक टपकन खाली पडला, थोडा वेळ दिपून बसला आणि उड्या मारत निघून गेला.

"साहेब," मौला म्हणाला, "भाडेकरू हुता. भाडं न देताच गेला."

हवालदार बाहेर येऊन ओट्यावर बसले. माझ्या बायकोनं डब्यात दिलेले साबुदाण्याचे वडे तिघांनी खाल्ले. मौलाला उपवास नव्हता, पण वड्यांना त्याची हरकत नव्हती.

"एवढं पाणी आत गेलं कसं?" मी विचारलं. "झाकणं तर पक्की बंद आहेत."

"बुरुजाच्या फटीतनं जातंय. तोफंच्या नळीतनं जातंय. जायला लई वाटा. यायला न्हाई." त्यांनी वडा मोडला. "उगडी गाडी भिजती आन् वाळती साहेब. बंद गाडी भिजती आन् भिजतच ऱ्हाती. उनात तापली की आत भात शिजल्यावानी वाफ."

मी हातातला वडा डब्यात परत ठेवला.

"आत बसायचं हाय मला एकदा," ते म्हणाले. आवाज थोडा बदलला होता. "खरं म्हनजे त्येच्यासाठीच आलो. डायव्हरच्या उजव्या अंगाला आतनं आमची चौघांची नावं हायती. गनर हुता आमचा, सरवन. पांढऱ्या रंगानं, बारक्या कुंचल्यानं लिवली त्यानं. मराठीत. मी त्येला शिकिवलं हुतं. माझ्या नावातला 'र' उलटा काढला हुता बेट्यानं. चार दिसांनी त्यो गेला. बाकीचे दोगं बी आता न्हाईत." मग हसून म्हणाले, "नावं मला पाठ हायती ओ. अक्षर बघायचंय त्याचं."

ते उठून रणगाड्याच्या नाकाडावर चढले. डायव्हरचं झाकण पुढेच, माणूस आत शिरेल एवढं. त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. रंगाखाली दोन्ही बाजूंनी वेल्डिंगची जाड रेघ होती.

त्यांनी नखानं रेघेवरचा रंग खरवडून पाहिला.

"उघडता येईल," मी घाईघाईनं म्हणालो. "कटरनं कापून घेऊ. आत्ताच."

रस्त्याच्या पलीकडे, आमच्या फाटकासमोर, वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं तेव्हासुद्धा एका खिडकीच्या गजांवर निळ्या ठिणग्या उडत होत्या. हवालदारांनी तिकडं बोट दाखवलं. मी मौलाकडं पाहिलं. तेवढ्यावरून मौलाला कळलं.

"त्याचं मशीन बिघडलंय जी," मौला म्हणाला. "ठेशनावरनं आनतो दुसरा."

"बिघडलंय?" हवालदार ठिणग्यांकडं पाहत म्हणाले.

"कापायचं बिघडलंय. जोडायचं चालू हाय."

"असं व्हय," हवालदार म्हणाले.

मौला सायकल घेऊन गेला. स्टेशन दोन मैल. तो येईपर्यंत तासभर आम्ही दोघंच होतो. हवालदारांनी खाकी वही काढून दाखवली. सैन्यात प्रत्येक गाडीची एक वही असते, म्हणाले. तेल बदललं, नट आवळला, पट्टा बदलला, काहीही केलं की वहीत लिहायचं : तारीख, काम, का केलं, कोणी केलं. आणि पुढे ज्यानं केलं त्याचीच सही.

"खरी वही सरकारजमा झाली. ही माझी. निवृत्त झाल्यावर आठवून आठवून पयल्यापास्नं लिवली. हितल्या सह्या तेवड्या न्हाईत, ज्येच्या त्येनं कराव्या लागत्यात."

"दुसऱ्यानं केली तर?"

"चालत न्हाई. मग वहीला अर्थ काय? आनि सही म्हनजे शिक्षा न्हवं साहेब. एकदा म्या उलटा नट बशिवला हुता. लिवलं, सही केली. कमांडर वरडला तवा वरडला. पर पुडल्या मेकॅनिकनं वही वाचली आन् तितं हात घालताना जपला. चूक लिवली न्हाई, तर पुडचा मानूस तीच करतो."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, ऊन कललं होतं, माणूस मायेचा होता. वाक्य मी मनात जुळवलंही. पुस्तकी माणसाचं हेच वाईट. वाक्य नीट जुळेपर्यंत तो बोलायचं थांबतो. मी 'च' काढून 'ही' घातला, पुन्हा 'च' घातला, आणि तेवढ्यात मौला वेल्डरला कॅरिअरवर बसवून आला.

झाकण कापायला अर्धा तास लागला. उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो मला अजून आठवतो. जुन्या विहिरीचा, सडलेल्या कापडाचा. हवालदारांनी फडकं नाकाला लावलं नाही. पाय आत सोडले, दोन्ही हातांवर भार घेतला आणि त्या वयातही सवयीनं असे अलगद आत उतरले की जणू काल रात्रीच बाहेर आले होते. नुसता पांढऱ्या केसांचा शेंडा दिसत होता. मग तोही खाली गेला.

आतून काही आवाज नव्हता. मौला सारखा मान वाकवून पाहत होता. मी त्याला खूण करून मागे घेतलं.

पंधरा मिनिटांनी ते वर आले. हात कोपरापर्यंत तांबडे. चेहरा नेहमीसारखाच.

"नावं आहेत?" मी विचारलं.

"हायती की," ते म्हणाले. "जरा पुसट झाल्यात. पर हायती."

"आणि तो 'र'?"

"उलटाच." ते हसले. "सीट मातर गेली. उंदरानं न्हेली."

मग त्यांनी ओट्यावर बसून वही उघडली. लिहिलं : तळाचे नट उघडून पाणी काढले, केरबा इंगवले. सही. पुढची ओळ : नाकावर नारळ फोडले. वही मौलापुढे धरली.

"मी?" मौला दचकला. "पगार कापत्यात का जी?"

"न्हाई रं. राधाक्काला कळावं म्हनून."

मौलानं जीभ बाहेर काढून सावकाश सही केली. न घासता रंगवल्याचीही केली. मग हवालदारांनी तिसरी ओळ लिहिली : डायव्हरचे झाकण वेल्ड करून बंद. तारीख, कारण, नाव, सही, असे चार रकाने मोकळे सोडले आणि वर पाहिलं. पेन त्यांच्या बोटांत होतं. टोक त्यांच्याकडं, मागची बाजू माझ्याकडं.

"आधीच्या साहेबांच्या येळंचं आसंल ते," मौला पटकन म्हणाला. "व्हय की न्हाई साहेब?"

मी मान हलवली. हो म्हणालो नाही. पण मान हलवली.

हवालदारांनी आणखी क्षणभर पेन तसंच धरलं. मग त्याला टोपण लावलं. "ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "रिकामं ठेवतो."

जाताना त्यांनी राधाक्काच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, म्हशीच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. मौला त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेला. ते दिसेनासे झाल्यावर मी इकडंतिकडं पाहिलं, चप्पल काढली आणि रणगाड्यावर चढलो. आयुष्यात पहिल्यांदा. आत उतरताना माझा गुडघा फुटला. बॅटरीचा उजेड उजव्या बाजूला टाकला.

तिथं काही नव्हतं. एकही अक्षर नव्हतं. तांबड्या पापुद्र्यांची भिंत होती आणि त्यांवर, मधोमध, बोटांनी हळूहळू चाचपल्याच्या चार आडव्या ओळी.

पंधरा दिवसांनी ते पत्र आलं. प्रश्नाच्या खाली लिहिलं होतं, 'रागाने विचारत नाही.' सोबत वहीच्या कागदाची एक पट्टी कापून पाठवली होती. तिच्यावर आखलेले चार रकाने. भरून, सही करून पाठवावी, म्हणजे वहीत चिकटवता येईल.

मी कितीदा लिहायला बसलो. एका मसुद्यात सगळा दोष गवंड्यावर गेला. एकात मी इतका रडलो की वाचून मलाच लाज वाटली. एकात रणगाड्यांच्या जतनाबद्दल दोन पानं माहिती होती आणि झाकणाचा उल्लेखच नव्हता.

पुढच्या मे महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. एकच ओळ : 'पाऊस लागायच्या आत तळाचे नट उघडून पाहणे.' प्रश्न नाही, आठवण नाही. मी आणि मौलानं नट उघडून पाहिले. त्याच्या पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच कार्ड. मी निवृत्त झालो, त्यांना पत्ता कळवला नाही, तरी कार्ड घरी येऊ लागलं. मौला कळवत असणार. एकोणीस वर्षं, एकोणीस कार्डं. दर वर्षी मी संग्रहालयात जायचो, मौला खाली सरकायचा, मी पाना द्यायचो. मधल्या काळात विश्वस्तांच्या इतक्या पाठी लागलो की त्यांनी कंटाळून राधाक्कावर पत्र्याची शेड घातली. रंग घासून मारायला लागले. नारळ दगडावर. हे सगळं मी हवालदारांना कळवू शकलो असतो. पण एका प्रश्नाचं उत्तर टाळून बाकीचं सगळं सांगायचं, हे मला जमेना. आणि कार्डाची पोच नाही म्हणून त्यांनी कार्ड थांबवलंही नाही.

यंदाचं कार्ड वेगळ्या अक्षरात आलं. तिरकं, भराभर लिहिलेलं.

'पाऊस लागायच्या आत तळाचे नट उघडून पाहणे. मामंजींना आता दिसत नाही, ते सांगतात तसे लिहिते. वहीतला एक रकाना भरून घ्यायचा राहिला असे परवा म्हणाले. कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणतात. - सौ. विमल'

कार्ड घेऊन मी मौलाकडं गेलो. तो आता सत्तावन्नचा, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. शेडखाली राधाक्काच्या सावलीत डबा खात बसला होता.

"मौला," मी म्हणालो, "त्यांना सांगायला हवं. झाकण मी वेल्ड करून घेतलं म्हणून."

मौला घास चावत राहिला. "त्यांस्नी ठावं हाय साहेब."

"कुणी सांगितलं? तू?"

"म्या कशाला सांगतोय! त्याच दिशी कळलं त्यांस्नी. समोरचा वेल्डर ठिनग्या उडवतोय आन् मी म्हनतोय मशीन बिघडलंय. लहान पोराला बी कळंल. ष्ट्यांडवर मला म्हनले, तुजा साहेब चांगला मानूस हाय, आत काय झालंय ते त्येला सांगू नगंस, जिवाला लावून घील."

मी त्याच्याशेजारी खाली टेकलो. मौलानं डब्याचं झाकण सरकवून जागा करून दिली.

"आणि तू एकोणीस वर्षं गप्प?"

"तुमी बी गपच की."

"मग त्यांनी विचारलं कशाला? ठाऊक असताना?"

"आवो," मौला म्हणाला, माझ्याइतक्या शिकलेल्या माणसाला हे कसं कळत नाही अशा सुरात, "दुसऱ्यानं सही करून चालत न्हाई न्हवं."

त्या दुपारी मी घरी येऊन पाकिटातली पट्टी काढली. ती पिवळी पडली होती, पण रकान्यांच्या रेघा स्पष्ट होत्या. तारीख लिहिली. 'कोणी' या रकान्यात लिहिलं : सदानंद खांबेटे. मग 'का'. तिथं हात थांबला. हा रकाना दोन बोटं रुंद होता. मला जन्मभर जे सांगायला लाज वाटली ते तेवढ्यात मावणार होतं.

तेव्हा दर रविवारी शाळेची मुलं त्या झाकणातून आत उतरायची. एकदा एकाचं बोट चिमटलं, तर त्याच्या मास्तरीणबाई सगळ्यांसमोर मला बोलल्या. मुलांना नुसतं 'ए, खाली उतरा रे' म्हणून ओरडलो असतो तरी भागलं असतं. पण मला ओरडता येत नाही. कधीच आलं नाही. लहानपणी वर्गात 'हजर'सुद्धा शेजारचा मुलगा माझ्या वतीनं म्हणायचा. मौला त्या आठवड्यात रजेवर होता. म्हणून समोरच्या वेल्डरला बोलावलं. दहा मिनिटांचं काम. सरवनचं अक्षर त्या दहा मिनिटांत गेलं.

मी लिहिलं : 'मुलांना खाली उतरा म्हणता येईना म्हणून.' आणि सही केली.

सोबतच्या कागदावर एवढंच लिहिलं : 'सौ. विमलताईंनी हे मोठ्याने वाचून दाखवावे. हवालदार, तुम्ही गेल्यावर मी आत उतरून पाहिले होते. नावे नाहीत हे मला त्याच दिवसापासून ठाऊक आहे. तुम्ही ती पाठ म्हणून दाखवा, ताई लिहून पाठवतील. त्याच जागी पांढऱ्या रंगाने घालतो. अक्षर सरवनचे नसेल, माझे असेल. वहीत तसे लिहावे, सही मी करीन. तुमच्या नावातला र उलटा काढू का, तेही कळवा. राधाक्का कोरडी आहे.'

मी वाक्यं जुळवत बसलो नाही. पाकीट चिकटवलं आणि तसाच घरच्या कपड्यांत निघालो. थांबलो असतो तर पुन्हा एखाद्या पुस्तकात गेलं असतं.

कोपऱ्यावर आलो तर पोस्टमन पेटीला कुलूप लावून, थैली हँडलला अडकवून सायकलवर टांग टाकत होता. मी हात वर केला. त्याचं लक्ष नव्हतं. तो निघाला. चौक ओलांडून गेलासुद्धा.

"अहो पोस्टमन!" मी ओरडलो. "थांबा! ए, थांबा म्हणतो ना!"

माझा आवाज मला ओळखूच आला नाही. पानवाला टपरीतून वाकून बघायला लागला, समोरच्या गॅलरीत दोघीजणी बाहेर आल्या. पोस्टमन करकचून ब्रेक दाबून थांबला.

"आजोबा, केवढ्यांदा ओरडलात! जीव गेला माझा. पेटीत टाका की, उद्या निघेल."

"नाही," मी धापा टाकत म्हणालो. "आजच."

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, सायकल पायावर तोलली आणि थैलीचं तोंड उघडून धरलं. घ्यायला हात पुढे केला, पण मी त्याच्या हातात दिलं नाही. पाकीट स्वतःच्या हातानं आत, पार तळापर्यंत घातलं.